मटणाची चव मसाल्याआधी ठरते

आचोळ्याहून पूर्वेला पाहिलं की महामार्गापलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. २००३ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात बिबट्या आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे. डोंगर इतका जवळ असला की एखाद्या पार्टीच्या आधी दबक्या आवाजात ‘रानातलं आहे, पाहिजे का?’ असं विचारणाराही कधीतरी भेटतो. त्याला सरळ नाही म्हणा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. फासा लावणं, जाळं टाकणं, जखमी करणं हे सगळं त्या कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. मारलेल्या जनावराचं मांस सरकारी मालमत्ता ठरतं, त्यामुळे ते विकत घेणारा आणि घरात ठेवणाराही गुन्ह्यात येतो. शिजवून टाकलं म्हणजे पुरावा संपला, या भ्रमात राहू नका. हैदराबादच्या प्रयोगशाळा मांसाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून प्राणी ओळखतात आणि शिजलेल्या तुकड्यावरूनही ते जमतं.

कायदा बाजूला ठेवून नुसत्या जिभेचा विचार केला तरी हा सौदा वाईटच आहे. रात्रभर फाशात धडपडून मेलेलं, अंधारात घाईघाईने पोट फाडलेलं आणि गोणीत कोंबून उकाड्यात आणलेलं मांस चवीला चांगलं लागायचं काही कारणच उरत नाही. मग ‘रानातल्या मटणाची बातच और’ म्हणणारे काय खातात? बहुतेक वेळा भरपूर मसाला आणि चोरून खाण्याची गंमत.

जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे तिथल्या शिकाऱ्यांना मात्र या विषयातलं बरंच कळतं. आपलंच चितळ १८६८ मध्ये हवाईच्या राजाला भेट म्हणून मोलोकाई बेटावर गेलं आणि १९३२च्या सुमारास टेक्सासात पोहोचलं. दोन्हीकडे ते इतकं वाढलं की आज तिथे त्याची रीतसर शिकार होते. चितळाचं मांस सौम्य आणि बिनवासाचं, असं तिथले लोक म्हणतात. पण त्याच जातीच्या, त्याच रानातल्या दोन जनावरांच्या मांसात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, हेही ते सांगतात. फरक पडतो तो जनावराच्या शेवटच्या काही तासांत आणि मांसाच्या पहिल्या काही तासांत. हे सगळं आपल्या बोकडाला जसंच्या तसं लागू आहे. म्हणून हा लेख हरणापासून सुरू झाला तरी जाणार आहे तो रविवारी सकाळी आचोळे रोडवर, मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत.

जिवंत जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. जनावर मेल्यावर रक्ताभिसरण थांबतं, प्राणवायू मिळत नाही, आणि स्नायू उरलेल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. त्यामुळे मांसाचा सामू सातच्या आसपासून उतरत साडेपाचच्या जवळ येतो. ही थोडीशी आम्लता मांसाला हवी असते. तिच्यामुळे रंग उजळ राहतो, जंतू सावकाश वाढतात आणि चवीला धार येते. पण मरण्याआधी जनावर खूप पळालं, घाबरलं, उपाशी राहिलं किंवा ट्रकमध्ये दाटीवाटीने उभं राहून थकलं, तर साखर आधीच संपलेली असते. मग आम्ल बनणार कशातून? सामू सहाच्या वरच अडकतो. असं मांस गडद, काळपट लाल दिसतं, बोटाला चिकट लागतं, लवकर खराब होतं आणि शिजल्यावर चवीला सपक लागतं. एका गोळीत जागच्या जागी पडलेलं हरीण आणि जखमी होऊन मैलभर पळालेलं हरीण यांत शिकारी फरक करतात, तो याचसाठी.

आपल्याकडचे बोकड पुष्कळदा लांबून येतात. मुंबईच्या बाजारात राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरातकडून ट्रक येतात. १९७१ पासून चालू असलेल्या देवनारच्या कत्तलखान्याजवळ बकरी ईदच्या आधी भरणारा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या प्रवासाने जनावर कसं खचतं ते ठाऊक असेल. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला ट्रक थांबवता येत नाही. पण दुकानदाराला एवढं विचारता येतं, की माल कधी आला? आदल्या दिवशी येऊन, पाणी पिऊन, रात्रभर विसावलेला बोकड आणि पहाटे उतरवून लगेच सुरीखाली गेलेला बोकड यांचं मटण सारखं नसतं. ज्याच्याकडे वर्षानुवर्षं जाता, तो दुकानदार खरं सांगतो. नाही सांगितलं तर धड पाहा. चांगलं मटण गुलाबी ते फिकट लाल असतं, वरून कोरडसर दिसतं, दाबलं की परत फुगतं. काळपट, चिकट, ओलसर चकाकी असलेलं दिसलं की त्या दिवशी मासळी बाजार गाठावा.

हलाल की झटका हा वाद इथे मुद्दाम काढत नाही. चवीपुरतं बोलायचं तर रक्त नीट निचरलं पाहिजे. मांसात रक्ताच्या गाठी राहिल्या की त्या भागाला लोखंडासारखी चव येते आणि तो आधी नासतो.

आता वासाचं बघू. ‘मटणाला वास येतो’ ही आपल्या घराघरांतली तक्रार आहे, आणि सुनेने नीट धुतलं नाही हा तिच्यावरचा जुना आरोप. वास धुण्याने जाणारा नसतो, कारण तो चरबीत असतो. वयात आलेल्या, न खच्ची केलेल्या बोकडाच्या अंगात काही खास मेदाम्लं तयार होतात. त्यांतलं चार-इथाइलऑक्टॅनॉइक आम्ल तर इतकं तीव्र असतं की त्याचा अंशही नाकाला कळतो. माजाच्या दिवसांत हे प्रमाण वाढतं. हरणांचंही तसंच आहे. स्कॉटलंडमधल्या तांबड्या हरणाचा नर सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर माजावर असतो, आणि त्या काळातलं त्याचं मांस उग्र म्हणून ओळखलं जातं. शिवाय हरणाच्या मागच्या पायांवर गंधग्रंथी असतात. अनुभवी शिकारी सोलताना त्यांना हात लावत नाही, आणि लागलाच तर हात आणि सुरी धुतल्याशिवाय मांसाला शिवत नाही. बोकडाच्या केसाळ कातड्याचंही तेच. कातडं ओढणारा हात त्याच दमात मांसावर फिरला, तर वास मांसाला लागतो. दुकानात सोलणं आणि तुकडे करणं वेगळ्या ओट्यावर चालतंय का, मांसावर केस चिकटलेत का, हे दोन क्षणांत दिसतं. माझ्या मते दुकान निवडण्याची याहून चांगली कसोटी नाही.

म्हणून घ्यायचा तो कोवळा किंवा खच्ची केलेला बोकड. वय दातांवरून कळतं. साधारण सव्वा वर्षाच्या आसपास पुढचे दोन पक्के दात येतात, आणि ‘दोन दाती’ म्हणतात ते हेच. पण सोललेल्या धडाला मुंडी नसली तर आकार पाहा. आठ ते बारा किलोचं धड बहुधा कोवळ्या जनावराचं असतं. वीस-पंचवीस किलोचं टांगलेलं असेल तर तो थोराड बोकड आहे. पाया आणि रश्शासाठी उत्तम, सुक्यासाठी नको. शेळीचं मटण घ्यायला लोक नाक मुरडतात. तरुण पाटीचं मटण वासाला बोकडाहून सौम्य असतं. अनेकदा व्यालेल्या म्हाताऱ्या शेळीचं मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायला लावतं. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या आपल्या महाराष्ट्राच्या जाती मटणासाठी नावाजलेल्या आहेत. जातीचा परिणाम होतोच, पण वय आणि माज यांच्यापुढे तो कमीच पडतो.

बोकड म्हणून मेंढा गळ्यात पडत असेल तर शेपटी बघा. बोकडाची आखूड आणि वर वळलेली असते, मेंढ्याची खाली लोंबते. जाणते दुकानदार म्हणूनच धडाला शेपटी ठेवतात. मेंढ्याच्या अंगावर कातड्याखाली चरबीचा थर असतो, तर बोकडाची चरबी बहुतेक आत, गुर्द्यांभोवती जमते. मेंढ्याचं मटण वाईट नसतं; देशावर धनगरांच्या घरी ते खाल्लं असेल तर ठाऊक असेल. फक्त बोकडाच्या भावाने ते घेऊ नये.

चाऱ्याबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. ओकची फळं आणि मका खाल्लेल्या हरणाचं मांस गोडसर, तर उग्र झुडपं खाल्लेल्याचं कडवट, असं अमेरिकेतले शिकारी सांगतात. पाला ओरबाडत फिरलेल्या बोकडाला आणि खुराकावर बांधून वाढवलेल्या बोकडाला वेगळी चव असते, हेही खरं. पण आचोळ्याच्या दुकानात उभं राहून बोकडाने काय खाल्लं हे कळायला मार्ग नाही. पुढे जाऊ.

चरबीचा मुद्दा मोठा आहे. हरणाच्या चरबीत स्टिअरिक आम्ल बरंच असतं, त्यामुळे ती गार होताच मेणासारखी टाळूला चिकटते. शिकारी ती जवळजवळ सगळी काढून टाकतात. बोकडाची चरबीही त्याच वळणाची, मात्र जरा कमी हट्टी. पांढऱ्याशुभ्र, कडक, गुर्द्याजवळच्या चरबीचा छोटा तुकडा रश्श्यात हवा. तो नसेल तर तर्री नुसत्या तेलाची होते. पिवळसर, मऊ आणि उग्र वासाची चरबी मात्र घरी आल्यावर सुरीने काढून टाका. वासाचं मटण हातात आलंच, तर त्यावरचा एकमेव खरा उपाय हाच आहे. लिंबू, दही, पुदिना वास झाकतात, घालवत नाहीत.

आता ज्या मुद्द्यावर माझं आपल्या बहुतेक वाचकांशी जमणार नाही, तो. ‘आत्ताच कापलंय, गरम आहे’ हे आपल्याकडे मटणाचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक आहे. त्यात अर्धंच खरं आहे. मेल्यावर काही तासांनी स्नायू ताठरतात. त्या अवस्थेतलं मांस शिजवलं तर ते आयुष्यातलं सर्वांत चिवट मटण होऊ शकतं. कापल्यापासून तासाभरात चुलीवर चढलेलं मटण मऊ लागू शकतं, कारण ताठरणं अजून सुरू झालेलं नसतं. जत्रेतल्या मटणाचं गुपित काही अंशी हेच असावं. पण पहाटे पाचला कापलेलं मटण सकाळी नऊला घेऊन साडेदहाला कुकरमध्ये घातलं, तर आपण नेमके मधल्या वाईट वेळेत सापडतो. ताठरलेला स्नायू पुढे आपल्या आतल्या पाचक द्रव्यांमुळे हळूहळू सैल होतो. परदेशात हरणाचं धड गार खोलीत कित्येक दिवस टांगून ठेवतात ते यासाठीच. वसईच्या हवेत टांगायचा विचारही करू नका. पण फ्रीजमध्ये, चार अंश सेल्सिअसच्या खाली, झाकलेल्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं मटण दुसऱ्या दिवशी स्पष्टपणे मऊ शिजतं, आणि त्याची चवही खुलते. शनिवारी संध्याकाळी आणा, रविवारी दुपारी करा. रविवारच्या रांगेतूनही सुटका.

गरम मटण थेट डीप फ्रीझरमध्ये टाकणं ही मात्र चूक आहे. ताठरण्याआधीच गोठलेलं मांस बर्फ सुटताना आकसतं, त्यातून भरपूर पाणी सुटतं आणि उरतो तो रबर. आधी फ्रीजमध्ये एक रात्र, मग हवं तर फ्रीझरमध्ये. घरी आणताना वाटेत भाजी, किराणा, गप्पा यांत दोन तास घालवू नका. मे महिन्याच्या उकाड्यात तर एक तासही फार झाला. न शिजवलेलं मटण फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या पुढे नेऊ नये. गटारीच्या आदल्या दिवशी लाइट जाऊन येत असेल तर ही सगळी हुशारी विसरा आणि आणलं तसं शिजवा.

कोणता भाग घ्यायचा हे काय करणार त्यावर ठरतं. खांदा, मान आणि नळी यांत जोडऊती जास्त असतात. सत्तर अंशांच्या पुढे त्या सावकाश विरघळतात आणि रश्शाला तो ओठ चिकटवणारा दाटपणा येतो. मांडीत मांस जास्त, जोडऊती कमी, म्हणून ती सुक्यासाठी आणि खिम्यासाठी. चाप भाजायला. ‘सगळीकडचं थोडं थोडं द्या’ म्हणायची आपली पद्धत रश्शासाठी उत्तम आहे. तिला नावं ठेवणारे हॉटेलवाले चुकतात. तुकडे मात्र सारख्या आकाराचे मागा, आणि हाड एका घावात तोडायला सांगा. चुरा झालेल्या हाडाची कच रश्श्यात उतरते आणि जेवताना दाताखाली येते.

मग धुणं. एकदा, गार पाण्याने, पटकन. कोमट पाण्यात चोळून चोळून धुतलं की चव मोरीत जाते. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवा. यात मिठाचं काम सर्वांत मोठं आहे, कारण ते आत शिरतं. कच्च्या पपईतलं द्रव्य फक्त वरच्या थरावर काम करतं, आणि जास्त झालं की बाहेर लगदा आणि आत चिवट, असा विचित्र तुकडा हाती येतो. थोराड बोकडाच्या खिम्याला किंवा भाजायच्या तुकड्यांना चमचाभर पुरे.

शिजवायला कुकर वाईट नाही. आतलं तापमान एकशेवीस अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे म्हातारं मटणही नमतं. पण कोवळ्या बोकडाला तो छळ आहे. त्याच्यासाठी जाड बुडाचं पातेलं, मंद आच, वर ताट आणि ताटात पाणी. मटणाला पाणी कमी पडलं तर त्याच ताटातलं गरम पाणी घालायचं, गार पाणी कधीच नाही. ही आपल्या आज्यांची पद्धत कोणत्याही नव्या भांड्याहून भरवशाची आहे.

आणि आता चव ओळखण्याची परीक्षा. मसाला घालण्याआधी, नुसतं हळद-मीठ-आलं-लसणावर शिजलेलं अळणी पाणी वाटीत काढून चाखा. पश्चिम महाराष्ट्रात हे लहान मुलांना आणि आजाऱ्यांना देतात, पण ते प्रत्येक स्वयंपाक्याने प्यायला हवं. ते गोडसर आणि स्वच्छ लागलं तर मसाला हात राखून घाला, मटणाला बोलू द्या. सपक लागलं तर जनावर थकलेलं होतं. कांदा-खोबरं खमंग भाजा, थोडं आंबट घाला, रस्सा आटवा. उग्र लागलं तर वर आलेली चरबी पळीने काढून टाका आणि मग वसईच्या ख्रिस्ती घरांकडून शिका. १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीज होते. व्हिनेगर आणि लसणात मांस मुरवण्याची त्यांची रीत इथल्या स्वयंपाकात मुरली. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात कुटून काचेच्या बाटल्यांत ठासून भरलेला बॉटल मसाला आणि चमचाभर व्हिनेगर, यांच्यापुढे थोडाफार उग्रपणा टिकत नाही. आगरी घरातला तिखट रस्साही ते काम करतो, फक्त त्यात मग मटण कुठलं होतं ते कळत नाही.

वसई-विरारच्या पुष्कळ घरांतलं कोणी ना कोणी बाहेरदेशी असतं, आणि तिथे सहकारी कौतुकाने हरणाचं मांस देतो. न्यूझीलंडमध्ये तर १९७०च्या सुमारापासून हरणांची शेतीच होते आणि ते मांस दुकानात मिळतं. त्यांच्यासाठी थोडं. शिकार केलेलं मांस असेल तर आधी विचारा, गोळी कुठे लागली. पोटाला लागली असेल आणि आतड्यातली घाण मांसावर सांडली असेल, तर नम्रपणे नको म्हणा. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत पसरतात. म्हणून जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, आणि गर्भवतीला व लहान मुलांना ते खायला देऊच नका. उत्तर अमेरिकेत १९६७ पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा आजार आढळतो. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरीही बाधित ठरलेल्या जनावराचं मांस खाऊ नये, असं तिथलं सरकारी आरोग्य खातं सांगतं. त्या भागातलं हरीण असेल तर तपासणी झाली का, हे विचारण्यात संकोच नको. शिजवल्याने किंवा कुठल्याही मसाल्याने ही शंका फिटत नाही.

सगळं ठीक असेल, तर चरबी आणि वरचं चंदेरी पातळ कातडं काढा. पाठीचा लांबट मऊ भाग मिळाला असेल तर त्याला कुकर दाखवू नका. त्यात चरबी जवळपास नसते, आणि जास्त शिजला की तो कोरडा भुसा होतो. आडवे पातळ काप, मीठ-मिरी, खूप तापलेला तवा, दोन्ही बाजूंनी थोडा वेळ, मग पाच मिनिटं झाकून विसावा. खांदा आणि पाय मात्र निवांत रश्शासाठी. त्यात बोकडाच्या मटणापेक्षा तेल थोडं जास्त आणि पाणी थोडं कमी घाला, आणि पहिल्यांदा करताना तिखट निम्मंच ठेवा, म्हणजे हरणाची चव म्हणजे काय ते निदान कळेल तरी.